श्वासांचा रकाना

दोन वाजून पाच मिनिटे झाली होती आणि भागवतने अजून सोपानरावांचा हात सोडला नव्हता.

पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेपाशी, तो स्टुलावर बसला होता. एका हातात त्या म्हाताऱ्याचे मनगट, दुसऱ्या हातात स्वतःचे पट्टा तुटलेले घड्याळ. दुपारची पाळी माझी होती. पाळीचा ताबा घेण्यासाठी मी नोंदवही छातीशी धरून खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. सकाळच्या नोंदी आठ वाजताच झाल्या होत्या, हे मला समोरच्या तक्त्यावर दिसत होते. मग आता हा हात कशासाठी धरला आहे, असा प्रश्न माझ्या मनात आला आणि 'गप्पांसाठी' असे त्याचे उत्तरही मीच देऊन टाकले.

"झालं बाबा," भागवत अखेर म्हणाला आणि मनगट हलकेच चादरीवर ठेवले.

"येवढ्यात झालं? धर की आनखी जरा," सोपानराव म्हणाले. "ऊनऊन लागतो तुझा हात. माझ्या बायकोनं बी कधी येवढा येळ धरला न्हाई."

शेजारच्या खाटेवरचा, हाताला प्लास्टर असलेला माणूस खुसखुसला. "म्हातारबा, मग सुटी झाल्यावर ह्यालाच घेऊन जा घरी."

"नेतोच की. गुऱ्हाळावर ठिवतो. चुलवणात चिपाडं घालंल आन् लोकांचे हात धरत बसंल." मग त्यांची नजर माझ्याकडे वळली आणि आवाज एकदम खाली आला. "या साहेब. आता तुम्ही का?"

भागवत 'भागू' होता, 'तू' होता. मी साहेब होतो. तीन आठवडे मी त्या माणसाची पाठ चोळली, त्याची चादर बदलली, त्याचे मलमूत्र उचलले, आणि तरीही मी साहेबच राहिलो.

आज या गोष्टीला आठ वर्षे झाली. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एका विश्वस्त संस्थेच्या रुग्णालयाला जोडलेल्या परिचर्या विद्यालयात पहिल्या वर्षाला शिकत होतो. आमच्या तुकडीत अडतीस मुली होत्या आणि मुलगे दोनच. मी निरंजन चौसाळकर, आणि भागवत सोळंके. दोनच असल्याने आमची तुलना कुणी मुद्दाम करावी लागत नसे, ती आपोआप होत असे. मुलींना त्यांच्या अडतीस जणींत लपायला जागा होती. मला लपायला भागवतच्या सावलीखेरीज जागा नव्हती.

वर्षाच्या अखेरीस दीपप्रज्वलनाचा समारंभ असे. प्रत्येकाच्या हाती एक पणती, आणि सर्वांच्या पुढे उभे राहून एकाने परिचारिकेची शपथ वाचायची. उरलेल्यांनी ती मागून म्हणायची. साळवे मॅडम आम्हाला परिचर्येची मूलतत्त्वे शिकवत. त्यांनी जानेवारीतच सांगून टाकले होते, "यंदा शपथ दोघा ब्रदरपैकी एक जण वाचेल. वॉर्डातलं काम बघून ठरवीन. तोंड बघून नाही."

ही शपथ मला हवी होती. माझे वडील तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. मुलगा काय करतो असे कुणी विचारले, की ते 'मेडिकलला आहे' एवढेच सांगत आणि विषय बदलत. सुटीत मी त्यांना समारंभाविषयी सांगितले, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्र खाली न ठेवताच विचारले होते, "तू पुढे उभा राहणार का त्या सगळ्या मुलींच्या मागे?" मी म्हणालो, "पुढे." ते म्हणाले, "मग येईन."

पुढे उभे राहण्यासारखे माझे काम होते, असे मला प्रामाणिकपणे वाटत असे. माझ्या खाटेच्या चादरीला सुरकुती नसे, कोपरे पाकिटासारखे दुमडलेले असत. कमरेपर्यंतचे पांघरूण एका मापात परतलेले असे. सोपानरावांच्या मांडीचे हाड खुब्यात मोडले होते. गुऱ्हाळावर उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीपाशी त्यांचा पाय घसरला होता. आता पाय वजनाला टांगलेला, म्हणून त्यांना कुशीवर वळवता येत नसे. मी त्यांना डोक्यावरची साखळी धरून अंग उचलायला सांगे आणि पाठीखाली हात सरकवून स्पिरिट लावी, पावडर लावी, माकडहाडापाशी गोल गोल चोळी. पुस्तकात सांगितले होते तितकी मिनिटे. त्यांच्या पाठीवर एकही लाल डाग उठला नाही, आणि हे श्रेय माझे होते.

"झालं का साहेब?" ते डोळे मिटून विचारीत. जसे न्हाव्याला विचारावे.

भागवतच्या चादरी चुरगळलेल्या असत. त्याचे अक्षर असे, की सात आणि एक यांत फरक कळू नये. थर्मामीटर झटकताना त्याने दोन फोडले होते. पण तो वॉर्डात शिरला की खाटांवरची डोकी वळत. पुढे त्याचीच पाळी आहे म्हणून कुणी सुई टोचून घ्यायला थांबे, कुणी औषध घ्यायला. एकदा मी कपाटातून चादरी काढत होतो आणि सोपानराव भागवतला काकवी आणि गूळ यांतला फरक सांगत होते. कढ कसा येतो, फेस केव्हा बसतो, पाण्याच्या थाळीत थेंब टाकला की त्याची गोळी कशी व्हायला हवी. मी कपाटाचे दार अर्धे लावून उभाच राहिलो. मला गुळात काही रस नव्हता. मला फक्त हे कळत नव्हते, की हे सांगावे असे त्यांना माझ्याजवळ कधी का वाटले नाही.

त्या गुरुवारी मॅडमनी मला बोलावले. सोमवारी बाहेरून तपासणीचे पथक येणार होते. "चौसाळकर, तुमचं अक्षर चांगलं आहे. आपल्या वॉर्डाचे सगळे तक्ते नव्याने उतरवून काढा. नाडी तांबड्या शाईने, ताप निळ्याने. सोळंकेंचे आकडे मला वाचता येत नाहीत, तर पथकाला काय येणार?"

मी सुखावलो. शाईच्या दोन बाटल्या आणि पट्टी घेऊन मी परिचारिकांच्या टेबलाशी बसलो आणि अकरा नंबरपाशी येऊन थांबलो.

तक्त्याच्या तळाशी श्वासांचा रकाना असतो. मिनिटाला किती श्वास, एवढाच आकडा. सकाळी भागवत लिही, दुपारी मी, रात्री रात्रपाळीच्या सिस्टर. माझ्या नोंदी सलग होत्या: वीस, वीस, वीस. सिस्टरच्याही वीस. आणि मध्येमध्ये भागवतचे वेडेवाकडे आकडे: बावीस, चोवीस, चोवीस, सव्वीस. त्या सकाळचे अठ्ठावीस. जणू सोपानराव रोज सकाळी जिना चढत होते आणि दुपारी खाली उतरत होते.

आमच्यापैकी कुणीतरी एक चुकत होता. ते कोण, हे त्या पानाकडे पाहून कुणीही सांगितले असते.

मी तो तक्ता तसाच मॅडमकडे नेला. नुसता दाखवून परत येता आले असते.

"हे कसं उतरवू?" मी विचारले.

त्यांनी चष्मा लावला. "सोळंके श्वास मोजतात कसे?"

"मला माहीत नाही, मॅडम." थोडे थांबून मी म्हणालो, "तो हात धरून बसलेला असतो. गप्पा चाललेल्या असतात. बोलत्या माणसाचे श्वास कसे मोजता येणार?"

हे खोटे नव्हते. गप्पा चालत, हे खरेच होते. मग त्या थांबत आणि तो हात तसाच धरून गप्प बसे, हेही मी पाहिले होते. ते मी सांगितले नाही.

मॅडमनी भागवतला तिथेच बोलावले. तो दारात उभा राहिला, एका बुटाची लेस सुटलेली.

"सोळंके, माणसाला हाड मोडल्यावर दम लागतो का?"

"न्हाई, मॅडम."

"मग अकरा नंबरचे हे अठ्ठावीस कुठून आले? ताप नाही, खोकला नाही. बाकी दोन पाळ्यांना वीस मिळतात. तुम्हालाच कसे अठ्ठावीस?"

"मी तर मोजले, मॅडम. पूर्ण मिनिटभर मोजले. दुपारी जाताना पुन्यांदा बी मोजून बघतो."

"मग मोजायला शिका. चौसाळकरांकडून शिका. तपासणी झाली की मी स्वतः येऊन बघीन."

तो माझ्याकडे बघून हसला. ओशाळलेले, निर्मळ हसू. त्या हसण्यात मी तक्रार केली असेल असा संशयही नव्हता आणि त्यामुळे माझ्या मनातला डंख अधिकच खोल गेला. दुसऱ्याविषयी वाईट विचार करावा लागत नाही, असे मन कुणाला फुकट मिळते आणि मला का मिळू नये, असे काहीसे मला वाटत राहिले.

शनिवारी पहाटे तो मला वसतिगृहाच्या गच्चीवर शोधत आला. दोरीवर आमचे पांढरे गणवेश वाळत होते आणि त्यांच्यामागे आभाळ नुकते उजळत होते. तो कामावर निघाला होता, केस ओले.

"निरंजन, शिकव बाबा मला."

"काय?"

"श्वास मोजायला. छाती वर येती तो एक, आन् खाली जाती तो दुसरा, असं तर धरत न्हाई ना मी? मला रातभर तेच वाटायलंय. दुप्पट मोजत असलो तर?"

"वर आणि खाली मिळून एक," मी म्हणालो. "नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. रोग्याला वाटलं पाहिजे की आपण अजून नाडीच बघतोय. आपला श्वास मोजतायत हे कळलं की माणूस मुद्दाम वेगळा श्वास घेतो. म्हणून हात तसाच धरून छातीकडे बघायचं आणि पूर्ण मिनिट मोजायचं." पान आणि परिच्छेद यांसकट ते मला पाठ होते.

"मी तेच करतो की," तो गोंधळून म्हणाला. "बरं, तुझे मोजतो. तू सांग बरोबर का चूक." त्याने माझे मनगट धरले. त्याचा हात खरोखरच उबदार होता. तो गप्प झाला. गणवेशांच्या बाह्या वाऱ्याने हलत होत्या. मी मनातल्या मनात माझे श्वास मोजत राहिलो, कारण आता ते मोजल्यावाचून राहवेना.

"सोळा," तो म्हणाला.

मीही सोळाच मोजले होते.

"बरोबर?" त्याने विचारले. त्याच्या स्वरात परीक्षार्थ्याची धाकधूक होती.

"तेरा होते," मी म्हणालो.

 मग माझे मनगट सोडून त्याने आपला हात पँटीला पुसला, जणू त्या हाताचीच चूक होती. "मायला. मग गडबड माझीच हाय," तो म्हणाला आणि खाली उतरून गेला.

त्या शनिवारी सकाळी श्वासांच्या रकान्यात भागवतने वीस लिहिले. रविवारीही वीस. मी नवा तक्ता उतरवला. वीस, वीस, वीस, वीस. शुक्रवारपर्यंतचे त्याचे जुने आकडे उतरवताना माझ्या हाताने तेही वीस केले. ती एक सुंदर, सरळ ओळ झाली. सोमवारी पथकातल्या एका बाईंनी तो तक्ता उचलून, "हे कुणी लिहिलंय?" असे कौतुकाने विचारले. मॅडमनी माझे नाव सांगितले. दुपारी त्यांनी मला जिन्यात थांबवले. "शपथ तुम्ही वाचायची. शुक्रवारी चार वाजता तालीम." मी वडिलांना पत्र लिहायला बसलो आणि 'पुढे' हा शब्द दोनदा लिहून खोडला.

मंगळवारी दोन वाजता मी वॉर्डात आलो, तेव्हा अकरा नंबरभोवती पडदा ओढलेला होता.

आत सोपानराव उशांना टेकून बसते केलेले होते. त्यांच्या नाकपुड्या श्वासागणिक फुगत होत्या, गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता आणि ओठांवर जांभळट छाया होती. तोंडावर प्राणवायूचा मुखवटा होता. डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकत होते. साळवे मॅडम घड्याळ हातात धरून उभ्या होत्या.

"चाळीस," त्या म्हणाल्या.

"दोन्ही बाजूंना न्यूमोनिया आहे," डॉक्टर म्हणाले. "पडून पडून झालाय. म्हाताऱ्यांना ताप येतोच असं नाही, दम आधी वाढतो. हे काही आज सकाळचं नाही, मॅडम. चार-सहा दिवस चाललं असणार. तक्त्यावर काहीच कसं नाही? जिल्ह्याला हलवायला पाहिजे."

सोपानरावांनी डोळे उघडले. मी समोरच होतो. मुखवट्याआडून त्यांनी काहीतरी विचारले. मी वाकलो.

"भागू... कुठाय?"

ते पुढे जगले. अठरा दिवस जिल्ह्याच्या रुग्णालयात राहून, अर्धे होऊन गावी परतले. पण त्या दुपारी हे कुणालाच ठाऊक नव्हते.

मॅडमनी आम्हा दोघांना वॉर्डालगतच्या खोलीत नेले आणि दार लावून घेतले. टेबलावर माझ्या अक्षरातला तक्ता होता. त्याच्या शेवटी, त्या सकाळच्या चौकटीत, भागवतच्या वाकड्या अक्षरात वीस.

"सकाळी आठला वीस," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "आणि दोनला चाळीस. सोळंके, सकाळी तुम्ही मोजले होते?"

"व्हय, मॅडम."

"किती आले?"

भागवत जमिनीकडे बघत होता. "बत्तीस."

मॅडमनी तक्ता त्याच्यापुढे सरकवला.

"बत्तीस मोजले आणि वीस लिहिले?"

"मी सकाळच्या सिस्टरला बोललो होतो, बाबाचं काय खरं दिसंना म्हणून. सिस्टर म्हणाल्या, तक्त्यात तर वीस हाय, झोपू दे त्यांना."

"तक्त्यात वीस तुम्हीच लिहिलं होतं."

"निरंजनला रोज वीसच येतात, मॅडम." त्याने मान वर केली. त्याला हे समजावून सांगायचे होते, स्वतःचा बचाव करायचा नव्हता. "त्याचं चुकत न्हाई. माझंच चुकतं. त्यानं मला मोजायला शिकवलं तवा बी माझे तीन जास्त आले. म्हणून मी... आलेल्यातून कमी करून लिहीत होतो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "उद्या वडिलांना घेऊन या. मला प्राचार्यांपुढे हे ठेवावं लागेल. पुढे तुम्हाला या शाळेत ठेवतील असं मला वाटत नाही." मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "चौसाळकर, तुम्ही वॉर्डात जा. त्यांची रुग्णवाहिकेची तयारी करा."

मी दारापर्यंत गेलो. जे मी मागितले होते, ते सगळे त्या क्षणी माझ्या हातात होते, आणि जे मागितले नव्हते तेही. वसतिगृहातल्या आम्हा दोघांच्या खोलीत आता एकच ब्रदर राहणार होता. उद्यापासून कुणाची कुणाशी तुलना होणार नव्हती. कडीवर हात ठेवून मी उभा राहिलो, आणि मागून त्याचा आवाज आला. तो मॅडमना विचारत होता, "अकरा नंबरच्या बाबांना माझ्यामुळं असं झालं का?"

मी वळलो.

"मी मोजलेच नव्हते," मी म्हणालो.

मॅडमना नीट ऐकू आले नसावे. "काय?"

"श्वास. मी कधीच मोजले नाहीत. नाडी अर्धा मिनिट बघायचो आणि श्वासांच्या रकान्यात वीस लिहायचो. पहिल्या दिवसापासून. पुस्तकात सोळा ते वीस लिहिलंय म्हणून." शब्द एकदा सुटल्यावर ते परीक्षेतल्या उत्तरासारखे क्रमाने येत गेले. "तक्ता उतरवताना त्याचे खरे आकडे मी बदलले. गच्चीवर त्यानं माझे सोळा मोजले होते, ते सोळाच होते. मी तेरा सांगितले."

"का?" मॅडमनी विचारले.

मला उत्तर ठाऊक होते.  मग त्या उठल्या, तक्ता घडी न घालता हातात घेतला आणि दारापाशी मला ओलांडून जाताना म्हणाल्या, "शपथ तुम्ही वाचणार नाही. वडिलांना तुमच्या तुम्हीच कळवा. बाकीचं प्राचार्य ठरवतील." आणि त्या डॉक्टरांकडे निघून गेल्या.

आम्ही दोघेच उरलो. मी भागवतच्या तोंडाकडे पाहिले. तो मला मारील, निदान एखादी शिवी घालील, अशी माझी खात्री होती, आणि मला ती हवी होती. ती मिळाली असती तर आम्ही एका पातळीवर आलो असतो.

त्याचे ओठ हलले. तो मनाशी काहीतरी जुळवत होता.

"म्हणजे बत्तीसच होते," तो म्हणाला. "आन् त्या दिवशीचे अठ्ठावीस बी?"

"हो."

"मला वाटलं होतं, मला कधी मोजताच यायचं न्हाई. रातीच मी घरी सांगायचं ठरवलं होतं, की हे काम काय आपल्याला जमत न्हाई म्हणून." त्याचे डोळे भरून आले होते आणि त्या भरल्या डोळ्यांनीच तो हसला. पुढच्या क्षणी त्याला सोपानराव आठवले असावेत. ते हसू तिथेच विझले आणि तो धावत वॉर्डात गेला.

मी त्या रिकाम्या खोलीत उभा राहिलो. पश्चात्ताप पुढे आला, पुष्कळ आला, आणि अजूनही येतो. पण त्या क्षणी, त्याच्या आधी, माझ्या मनात जे आले ते मी आजवर कुणाला सांगितलेले नाही. शपथेसारखेच त्याचे ते हसूही मला स्वतःसाठी हवे होते.